बाहेरनं लावलेली कडी

माझं माहेर माणातलं, दहिवडीच्या पल्याड, मेंढरामागं फिरनाऱ्या मान्सांचं, आन् दिली ती आष्ट्याला, ऊसवाल्याच्या घरात. दाराम्होरनं पाटाचं पानी जाताना बगून मी पयल्या दिवशी नुस्ती बसूनच ऱ्हायली हुती, सासू म्हनली, आगं पानी बगाय आलीस का नांदाय. मालक मिल्ट्रीत. सुट्टीला यायचं, ट्रंक उगडायचं, परत जायचं, की घर गप. लेक झाली ती छबू. काय सांगू ताई तुमाला, झाली तवा रडलीच न्हाई. सुईन म्हनली, गुनाची पोर हाय, तरास न्हाई देनार. मग फिटा सुरू झाल्या. मान धरंना, बसंना, बोलंना. मिरजंच्या डॉक्टरनं सांगितलं, हिचं सगळं तुमालाच करावं लागनार, कायमचं. कायमचं म्हंजे कुटवर, ते त्येनी सांगितलं न्हाई आन् मला इचारायचं धाडस झालं न्हाई.

त्याच दवाखान्याच्या बाकड्यावर इंदू भेटली. माधवनगरची. नवरा गिरनीत हुता, गिरन बंद पडली, मागनं त्योबी गेला. तिचा दिनेश अंगानं पैलवान, पन दिसत न्हाई, ऐकू येत न्हाई, नवा हात लागला की भिंतीवर डोकं आपटून घ्यायचा. आमी दोघी गोळ्यांच्या लाइनीत हुबं ऱ्हाऊन बोलायचो, भाजीचं, पाऊसपान्याचं, सगळं बोलायचो, आन् आपल्या माघारी हेंचं काय, तेवडंच बोलायचो न्हाई. बोललं की जवळ येईल आसं वाटायचं.

ते बोलायची येळ पारूबाईनं आनली. आमच्याच गल्लीतली, रांडमुंड बाई, तिचा सदा. मोठा बाप्या झालेला, पन पाय आकडलेलं, सरपटायचा, तोंडात शब्द न्हाई. हसायचा मात्र लय, टॅक्टरचा हारन वाजला की गल्लीभर आयकाय जाईल आसा हसायचा. भांगलनीचे दिवस, गाव सगळं रानात. पारूचं दार बंद, आमाला वाटलं भावाकडं गेली आसंल लेकराला घिऊन. दुसऱ्या दिवशी मी शेन घिऊन जाताना तिच्या दारात कुत्री बसलेली, भुकत न्हाईत, नुस्ती दाराकडं बगून बसलेली. मग मान्सं बोलावली, दार मोडलं. पारू चुलीम्होरं पडलेली, कवाची गेलेली. आन् सदानं सरपटत जाऊन स्वताची वाकळ वडून तिच्या अंगावर घातलेली, पार हनवटीपतूर. त्येला वाटलं आसंल, आईला थंडी वाजती. वरडला आसंल का वो तवर? कुनाला वरडायचं तेबी ठावं न्हाई त्येला.

मी त्या दिवशी इंदूला फोन केला, म्हनलं, बाई, तुझं बिऱ्हाड बांद आन् ये. तिनं का म्हनून इचारलं न्हाई. मालक त्या आदीच वारलेलं, त्येंच्या वाटनीचं रान नदीकडंला, तितं जनावरांचा गोठा हुता. गोठा झाडला, फरशी टाकली, खाटा बुटक्या करून घेतल्या, दारं रुंद केली, आन् ऱ्हायलो. सदाला घेतला. मग वाळव्याकडनं दोन जनी आल्या लेकरं घिऊन, एक म्हातारा नातवाला घिऊन आला. कुनी कुनाची नोकर न्हाई. माझी छबू इंदू धुनार, इंदूचा दिनेश मी. त्येनं माझा हात वळखायला उनाळा गेला सगळा. गावातली मान्सं वाट बदलून जायची, गाभनी सुनांना सांगायची, तिकडं बगू नगा. मी म्हनलं, न्हाई बगितलं तर न्हाई.

मग एक दिवस पांडरी गाडी आली. त्यातनं सायेब उतरलं, मऊ बोलनारं. म्हनलं, मावशी, तुमी लय थकलाय, आमची मोठी संस्था हाय, सगळी लेकरं आमाला द्या. मी न्हाई म्हनलं. ते हसलं, म्हनलं, काय घाई न्हाई. पन जाताना एकेका खाटंकडं आसं बगत गेलं, बाजारात शेरडाकडं बगत्यात तसं. मी आमच्यातल्या दोघी जनींला बोलले, मला हे बरं दिसंना. चारआठ दिसात सदाचा चुलता आला त्याच गाडीतनं. इतकी वर्सं तोंड दावलं न्हाई, आता म्हनं, रक्ताचं नातं माझं हाय, तुजं काय हाय? सदाला उचलला. गाडीत बसायचं म्हनून त्यो हसत हुता वो. हारन वाजवला ड्रायव्हरनं, तर आजून हसला.

मला गोड लागंना. इंदूला म्हनलं, चल, बगून तर येऊ. यस्टीनं गेलो, पुडं रिक्षा केली. गाव सांगत न्हाई मी. म्होरं भित्तीवर पोपट, फुलं रंगवलेली, हालमधी पावनं आलेलं, फळं वाटायला, फोटू काडायला. चार लेकरं नवी कापडं घालून बसवलेली. सदा त्यात न्हाई. बाकीची कुटं, तर झोपल्यात म्हनं. ताई, मी एवडी वर्सं आसल्या लेकरात काडली. आमच्यात कवा गप नसतंय, कुनी कन्हतंय, कुनी ताट वाजवतंय, कुनी वरडतंय. आन् हितं दिवसाढवळ्या कायबी आवाज न्हाई. हात धुवायचा म्हनून मी मागल्या बाजूला गेले. लांबडी खोली, दाराला बाहेरनं कडी. मी कडी काडली.

सगळी जागी हुती. एकाबी लेकराचा डोळा मिटलेला न्हाई. वळीनं पडलेली, मनगटं साडीच्या पट्टीनं खाटंला बांदलेली, आन् दार उगडलं तरी कुनी मान वळवली न्हाई. दार उगडल्यावर काय हुतं ते त्येंला ठावं आसनार. सदा कोपऱ्यात. डोस्कं भादरलेलं. मी सदा म्हनलं, तर त्येनं तोंड भित्तीकडं केलं.

मी त्येच्या खाटंपशी फरशीवर बसले, म्हनलं आता मला उचलून न्या. आन् इंदू, जी दवाखान्यात मोठ्यानं नाव सांगाय लाजायची, ती हालात जाऊन वरडली, आवं पावनं, फोटू काडायचा तर हिकडं या. पावनं आलं. एका बाईच्या हातातली केळी खाली पडली. सायेब मऊच बोलत हुतं, मावशींचा गैरसमज झालाय म्हनत हुतं, पन पोलीस आलं, चुलत्याला फोन गेला, त्यो भिऊन न्या म्हनला, आन् सांजच्या आत सदाला घिऊन आमी भाईर पडलो.

बाकीच्यांचं इचारता व्हय? पोलिसांनी सांगितलं, चौकशी करतो. आमी आठ दिसांनी परत गेलो तर बोर्ड काडलेला, खोल्या मोकळ्या, खाटाबी न्हाईत. भित्तीवरचं पोपट तेवडं हुतं. ती लेकरं कुटं गेली? कलेक्टर कचेरीत इचारलं, पेपरवाल्याला इचारलं. एक म्हनतो घरी धाडली, एक म्हनतो दुसऱ्या जिल्ह्यात. एका पोरीच्या हनवटीवर गोंदलेला ठिपका हुता, तिच्या आईनं काडला आसंल, हरवली तर वळखू याया म्हनून. ती डोळ्याम्होरनं जात न्हाई. परवा विट्याकडली एक बाई म्हनली, आमच्याकडं पांडरी गाडी येती, लय चांगली मान्सं हाईत. मी तिला म्हनलं, बाई, आदी त्येंचं मागलं दार बगून ये.

सदा आता खातो, पितो, ऊन आलं की अंगनात सरपटतो. टॅक्टर जातो रस्त्यानं, हारन वाजतो. त्यो कान झाकतो.

आन् माझंबी आता खरं न्हाई. पोटात गाठ हाय, डॉक्टर कापायचं म्हनतोय, कापून किती दिस ते मागल्यासारखंच, न्हाई सांगत. छबू माझ्या हाताबिगर घास घेत न्हाई. म्हनून आता रोज दुपारी मी दाराआड बसते, पदर तोंडात धरून, आन् इंदू तिला भरवती. छबू तोंड मिटून घेती, मान फिरवून मला हुडकती, मी हालत न्हाई. काल तिनं इंदूच्या हातनं घास घेतला. मग दुसरा घेतला. इंदू मोठ्यानं म्हनली, आगं जेवली बग. मला बरं वाटलं, आन् तितंच कायतरी तुटलंबी. जेव बाई, म्हनलं, कुनाच्याबी हातनं जेव, पन जेव.