ओढेल हो, पण थांबेल का?

...आणि वर तो ट्रक विकणारा मलाच विचारतो, "मॅडम, तुमचा माणसांवर विश्वासच नाही का?" नाही! अजिबात नाही! ...नको, तो दालचिनीचा रोल मला नको, आधी ऐका. तुमची धुणी मशीनमध्ये फिरतायत तोवर ऐकाच, बायांनो. तुमचेही नवरे पाइपलाइनवर वेल्डिंग करतात, तुमचीही घरं चाकांवर, तुम्हाला वेगळं काय सांगायचं? नेब्रास्कातलं काम संपलं, नवरा लाइल आपला वेल्डिंगचा ट्रक घेऊन इकडे वायोमिंगला पुढे निघून आला, आणि घर? घर मागून आणायचं बायकोनं! आमचा जुना ट्रक नेमका त्याच आठवड्यात वारला. लाइलला फोन केला, तर म्हणतो, "अगं, एखादं दणकट डिझेल पिकअप बघ नि घे. ओढेल." ओढेल! एवढा एक शब्द! आठ महिन्यांची हॅटी, सासूबाई, कुत्रा, मागे चौदा हजार पौंडांचं घर, आणि मधे बिगहॉर्नचा घाट... ओढेल हो, पण थांबेल का?

नाही, तुम्हीच सांगा! चढाला गाडी दमली तर फार तर काय, मागचे शिव्या देतील. उताराला दमली तर परत शिव्या द्यायला आपण उरतोय का?

तर हा विक्रेता, गार्थ. त्याचे दात इतके पांढरे, की मला पहिला संशय तिथंच आला. चकचकीत लाल ट्रकवर थाप मारून म्हणाला, "अठरा हजार पौंड ओढते, मॅडम! गावातलं चर्च मागे बांधा, पाद्रीबाबांसकट ओढेल!" म्हटलं, थांबेल का? तर म्हणे, "सीटमधून गार वारा येतो." मी विचारलं काय, हा सांगतोय काय! आता मी दोन वर्षं शाळेत गणित शिकवलंय. त्यामुळे आकडे मांडता येतात. मांडलेल्यावर विश्वास बसत नाही, ती गोष्ट वेगळी. मी सरळ ड्रायव्हरचं दार उघडलं. तिथं चौकटीवर ती पिवळी चिठ्ठी असते ना, माणसं नि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर नको म्हणून? जाहिरात बढाया मारते, ही चिठ्ठी बिचारी खरं बोलते, म्हणून तर तिला दाराआड ठेवतात! काय लिहिलं होतं? तेवीसशे नव्वद! आणि माझ्या घरानं जोडायची पुढची मान नुसती टाकली ट्रकच्या पाठीवर, की तिचेच झाले सव्वीसशे. म्हणजे आम्ही बसायच्या आधीच गाडी भरलेली! काचेचं छप्पर नि चामड्याच्या सीटांनीच निम्मा भार खाल्ला होता. गार्थ म्हणतो, "सगळे असंच नेतात, मॅडम." हो, आणि सगळे पोचतात का, ते कोण मोजतंय?

शेवटी मागच्या कोपऱ्यात एक पांढरा ट्रक सापडला. दिसायला रुग्णालयातली खाट, पण चिठ्ठीवर तेहेतीसशे ऐंशी! आणि उताराला धुराची वाट आवळून इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं, ती सोय. ते बटण मी चौदा वेळा दाबून पाहिलं. तरी म्हटलं, घर जोडून काट्यावर घातल्याशिवाय मी सही करणार नाही. तेव्हा तो विश्वासाबद्दल बोलला.

घराची मान नि जोडणी वजा जाता पाचशे ऐंशी उरत होते. यादी केली. हॅटी तिच्या खुर्चीसकट चाळीस, कुत्रा सत्तर, सासूबाईंचे लोखंडी तवे आणि बरण्या दीडशे. माझं गाडीच्या परवान्यावर छापलेलं वजन लिहिलं, एकशे अडतीस. सासूबाईंना विचारलं. "एकशे पंचेचाळीस." मी वर बघितलं. एकशे पंचेचाळीस? आमच्या या वर्ना सासूबाईंचं? आम्हांला काय डोळे नाहीत? पेन जरा जोरात दाबलं. एकूण सदतीस पौंड शिल्लक. मनात म्हटलं, बरंय, सासूबाईंच्या थापेला तेवढी जागा आहे.

मग वरात निघाली धान्याच्या कोठाराकडे. तिथला तो मक्याचे ट्रक तोलायचा काटा. ट्रकची चाकं काट्यावर, घराची काट्याबाहेर. खिडकीतून काटेवाला मर्ल ओरडला, "वीस पौंड जास्त!"

बघा! मी म्हणत नव्हते?

गार्थ म्हणाला, "वीस पौंड म्हणजे काय हो, कुत्र्याच्या खाण्याची एक पिशवी!" म्हटलं, आज वीसला हसलो, की घाटात कोण रडणार? कुणीतरी वजन चोरलंय, आणि कुणी ते मला पक्कं ठाऊक आहे. अगदी गोड आवाजात म्हटलं, "सासूबाई, जरा उतरता का?" त्या उतरल्या. मर्ल ओरडला, "एकशे चाळीसनं कमी!" काटा वीसवीसच्या टप्प्यानं बोलतो, म्हणजे बाई खरं बोलल्या होत्या. अगदी काट्यासारखं खरं! मी म्हटलं, काटा बिघडलाय. सासूबाई म्हणाल्या, "मग तू उतरून बघ."

उतरले.

"आणखी दोनशेनं कमी!" ...काय तो मर्लचा आवाज! बाहेर मक्याचे चार ट्रक रांगेत, चारही ड्रायव्हरांनी ऐकलं! गार्थनं पहिल्यांदा दात झाकले. आणि सासूबाई? माझी वही घेतली, बघितली. मग मागचं दार उघडलं, बिटाच्या लोणच्याच्या बारा बरण्या, स्वतःच्या हातानं घातलेल्या, काढून मर्लच्या खिडकीत नेऊन ठेवल्या. परत येता येता म्हणाल्या, "परवाना लग्नाआधीचा दिसतोय गं तुझा."

वीस पौंड उतरले, मी सही केली. घाट उतरताना दोन्ही हातांनी चाक गच्च धरलं होतं, मागे हॅटी झोपलेली, आणि इंजिन असं गुरगुरत गाडीला धरून होतं, की मी प्रत्येक वळणावर म्हणत होते, आता सुटणार... आता सुटणार... नाही सुटली. इथं दारातच लाइलनं विचारलं, "ओढली ना?" म्हटलं, ओढली. आणि थांबलीही!

थांबत नाही ती मीच, काय करू? ...द्या तो रोल इकडे. अर्धाच हं. ...बरं, आख्खाच द्या, परवान्यावर कुठं दिसतंय!