मापाचा कुर्ता

द्वारकाबाई : हात वर कर. असा नाय, पुरा.

फहमिदा : जातच नाही, मावशी. काखेत आवळतोय.

द्वारकाबाई : आवळंल कसा? तू मापाला दिलेल्या कुर्त्यावरूनच कापलाय. शिवून झाल्यावर त्याच्यावरच ठेवून बघितला. सुताचा फरक नाय.

फहमिदा : तरी आवळतोय. आणि उद्या दहा वाजता विद्यापीठात पीएचडीचं काम मांडायचंय.

द्वारकाबाई : तो जुना कुर्ता कधीचा गं?

फहमिदा : बीएस्सीचा.

द्वारकाबाई : अगं बाई! सात वर्षं झाली की. अन् मी बी शहाणी! पोरगी दुकानात समोर उभी, तर टेप लावली नाय. जुन्यावरून शिवायचं अन् जुन्यावरच तपासायचं, मग बरोबरच निघणार. माझंच चुकलं. काढ, उसवते... काय झालं? कुर्त्यासाठी रडती व्हय?

फहमिदा : कुर्त्यासाठी नाही. मावशी, मीसुद्धा हेच केलंय.

द्वारकाबाई : काय केलंस?

फहमिदा : कपाशीवरच्या बोंडअळीच्या पोटात एक प्रोटीन असतं. मण्यांची माळ गुंडाळावी तसं. त्याचा आकार अजून कुणी पाहिलेला नाही. दुसऱ्या एका किड्याच्या प्रोटीनचा माहीत आहे. त्यावरून मी कॉम्प्युटरवर अळीचा तयार केला.

द्वारकाबाई : मापाला दिल्यासारखा.

फहमिदा : हो. आणि तपासला त्याच्यावरच ठेवून. छान जुळला, सगळे खूश. पण एक वळण आहे, अकरा मण्यांचं. जुन्यात ते नाहीच. तिथं प्रोग्रॅमनं अंदाजानं भरलंय. दुसऱ्या एका तपासणीत तेवढंच लाल आलं, म्हणजे भरवशाचं नाही. आणि अळी मारायचं नवं औषध नेमकं तिथं चिकटतं, असं मी लिहून बसलेय.

द्वारकाबाई : मग ते लाल उद्या दाखवणार ना?

फहमिदा : ते पान मी काढून टाकलंय.

द्वारकाबाई : सरांनी सांगितलं?

फहमिदा : सरांना माहीतच नाही. मावशी, पुण्याला नोकरी मिळालीय, ती जूनपर्यंतच थांबणार. खरं सांगितलं तर माझ्यासोबत काम करणाऱ्या अन्सारला लॅबमध्ये ते वळण बदलून औषध चिकटतं का ते बघावं लागेल. त्यात सहा महिने जातील. अब्बांनी अख्ख्या छावणी भागात पेढे वाटलेत.

द्वारकाबाई : मला बी दिला होता. माझ्या भावाचं रान चिकलठाण्याच्या पुढं हाय. कपाशीच लावतो. उद्या त्यानं तुझं औषध मारलं अन् ते चिकटलंच नाय, तर त्याला काय सांगू? पोरगी हुशार होती, पण तारीख जवळ आली होती?

फहमिदा : असं नका ना बोलू.

द्वारकाबाई : नाय बोलत. लई दमलीस तू, दिसतंय मला. बस. पाणी पी.

फहमिदा : थांबा, एक फोन करते... सर, फहमिदा बोलतेय. एका वळणाचं पान मी तुम्हाला न विचारता काढलं होतं. लाल आहे ते. उद्या परत घालते... हो सर, पुणं जाईल, माहीत आहे... जी... जी सर.

द्वारकाबाई : रागावले?

फहमिदा : म्हणाले, तेच पान पहिलं दाखव.

द्वारकाबाई : चल, डोळे पूस. टेप दे ती इकडं.

फहमिदा : अब्बांना काय सांगू?

द्वारकाबाई : संध्याकाळी मी येते संगं. आता हात वर कर. अन् पोट आत वढू नको. हायेस तशी उभी राहा.