पान नऊ

गारखेड्याच्या स्टॉपवर कंपनीच्या बससाठी माझ्यापुढं दोघं उभी होती.

"भानुमती मॅडम, कडबाकुट्टी मशीनचं मॅन्युअल आज छपाईला गेलं पाहिजे."

"नाय जाणार, इंद्रजीत साहेब. पान नऊ चुकलंय."

"तुमच्याच टीमच्या चिन्मयनं लिहिलंय ना?"

"ड्रॉइंग बघून लिहिलंय. मशीनजवळ तुम्ही त्याला फिरकू दिलं नाय. बटण बंद करून झाकण उघडा, असं लिहून बसला. पातं त्यानंतरही मिनिटभर फिरतं, ते ड्रॉइंगमध्ये कुठं दिसतंय?"

"एवढं बारीक वाचतं कोण?"

"काल पॅकिंगच्या लक्ष्मीबाईंनी मशीनजवळ कच्ची प्रत वाचली. लिहिलंय तसंच केलं. मी मनगट धरलं म्हणून हात वाचला."

"वाचला ना? मग झालं."

"यापुढं माझ्या टीममधला माणूस मशीन स्वतः चालवल्याशिवाय एक ओळ लिहिणार नाय."

"मग छपाईच्या मंजुरीची सही तुम्ही करू नका. मी चिन्मयची घेतो."

"माझ्या पोरांना मधी घ्यायचं नाय. हे मॅन्युअल, हे पेन. पान नऊच्या खाली तुमचीच सही करा."

"बस आली, मॅडम."

"येऊ द्या. ड्रायव्हर ओळखीचा आहे, थांबंल. पेन धरा."