राजाभोवती चौघे

पहारेकरी : मावशी जिंकल्या, मॅडम. सहा वर्षांनी.

संग्रहपाल : काय जिंकल्या?

पहारेकरी : काही नाही. कुणी खेळलंच नाही, तर जिंकणार कोण?

संग्रहपाल : मी खेळण्यांच्या दालनात उभी आहे. सात नंबरचं कपाट उघडं आहे. तीनशे वर्षं जुन्या पटावरचा राजा कोपऱ्यात बसलाय.

पहारेकरी : राजा आहे. फिरत असेल.

संग्रहपाल : बावीस वर्षं तो मधोमध आहे.

पहारेकरी : पाटीवर आहे. लोक आधी पाटी वाचतात. पाटीवर मध्ये म्हटलं, की त्यांना मध्येच दिसतो.

संग्रहपाल : आणि मला?

पहारेकरी : पाटी तुमचीच आहे, मॅडम.

संग्रहपाल : एका शाळामास्तरांना मात्र दिसला. फोटो काढून थेट संचालकांना पाठवलाय. 'पाठ्यपुस्तकात राजा मध्ये, तुमच्याकडे कोपऱ्यात, मुलांना काय सांगू?' संचालकांनी उद्यापर्यंत माझ्याकडून लेखी खुलासा मागितलाय. खाली तांबड्या शाईत : हात लावणाऱ्यास कामावरून कमी करावे.

मावशी : म्हणजे मला. हे पहारेकरी कायम आहेत, मी सफाईवाली कंत्राटी.

पहारेकरी : मीही खेळलो, असं सांगेन.

मावशी : गप बसा. हरलेल्यानं पुढं पुढं करू नये.

संग्रहपाल : मावशी, सफाईला कपाट उघडून देतो, ते फडकं मारायला!

मावशी : फडकं मारलंच की. दर सोमवारी संग्रहालय बंद, एक फडकं, एक चाल. एका सोमवारी यांची, एका सोमवारी माझी. हे राजा, मी चौघं नोकर.

संग्रहपाल : पण नियम कुठून आणलेत? नियमांचा कागद कुठेच नाही. मी तीन ग्रंथालयं पालथी घातली.

मावशी : सोंगटी पालथी घालायची ना, बाई. हे बघा, राजाचं बूड कोरं करकरीत. त्याला उचलून ठेवायचे. आणि हे पाठीवर गाठोडं असलेले चौघं, यांची बुडं घासून गुळगुळीत. हे सरकायचे, एकेक घर.

पहारेकरी : आपल्याकडेही तसंच आहे.

मावशी : पटावर चरे आहेत ते सगळे आडवे-उभे. तिरका एकही नाही. म्हणून तिरकं कुणी जायचं नाही, असं आम्ही ठरवलं.

संग्रहपाल : ठरवलं! बरं, आधी सगळं मूळ जागी लावा. हा घ्या फोटो, पट सापडला तेव्हाचा. राजा मध्ये, चार सेवक चार बाजूंना.

मावशी : अगंबाई.

संग्रहपाल : काय झालं?

मावशी : हा पण हरलाय.

संग्रहपाल : कोण?

मावशी : राजा. चारी वाटा बंद. कोपऱ्यात कोंडायला दोघं पुरतात, असं भर मैदानात धरायला चौघं लागतात. पहिल्या सोमवारी चौघांना चार कडांना नेऊन डाव मांडला, तेव्हा लक्षातच आलं नाही. मला नसतं जमलं. फार चांगलं खेळलंय कुणीतरी.

संग्रहपाल : अहो, ते त्याचं रक्षण करताहेत. 'त्या काळच्या सेवकांची अढळ निष्ठा.' मुलं परीक्षेत लिहितात. दोन गुण आहेत त्याला.

मावशी : राखणारा बाहेर बघतो, बाई. या चौघांची तोंडं आत आहेत.

पहारेकरी : खरंय. मी रोज उभा असतो, माझी पाठ कपाटाकडे असते.

संग्रहपाल : पाटीची शेवटची ओळ वाचा.

पहारेकरी : पाठ आहे. 'राजवाड्याच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या पिंपामागे, ताटाखाली झाकलेला सापडला. राजपुत्र खेळताना विसरले असावेत.'

मावशी : राजपुत्र? पिंपामागे?



संग्रहपाल : मी सव्वीस वर्षांची होते. मला वाटलं, असतील गेले.

मावशी : स्वयंपाकघरातले नोकरच खेळत असतील. कुणाची तरी पावलं वाजली असतील. पटकन ताट झाकलं.

पहारेकरी : डाव मोडून का नाही टाकला? पुरावा राहिला ना.

मावशी : राजाला मधोमध धरलं होतं हो. मोडवेल कुणाला?

संग्रहपाल : हे लिहिलं, तर माझी पाटी जाते, पाठ्यपुस्तकातला धडा जातो. नाही लिहिलं, तर तुम्ही जाता.

मावशी : धडा ठेवा, बाई. मुलांचे दोन गुण कशाला घालवता? मला फडकं कुठंही मिळेल.

संग्रहपाल : फडकं मिळेल. बुडं बघणारी बाई मला मिळायची नाही. पहारेकरी, कागद घ्या. लिहा. 'सात क्रमांकाच्या कपाटातील राजा मध्ये असो वा कोपऱ्यात, तो पराभूतच असल्याचे नियमित सफाईत निष्पन्न झाले आहे. जुनी पाटी आजपासून काढण्यात येत आहे.'

पहारेकरी : काढण्यात येत आहे. पुढे?

संग्रहपाल : 'सबब विनंती की, नियमांची खातरजमा करण्यासाठी मूळ खेळाडूंपैकी किमान एकास, वय अंदाजे तीनशे वर्षे, ओळखपत्रासह कार्यालयीन वेळेत या दालनात समक्ष हजर राहण्याचे आदेश व्हावेत, आणि त्यांचा जबाब नोंदवला जाईपर्यंत सफाई कर्मचाऱ्यास कामावरून कमी करण्यात येऊ नये.'