पेपरावरचा पत्ता

(पवनीच्या एका कॉलेजची भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा. संगणकासमोर प्राध्यापक डिंपल आणि तिची विद्यार्थिनी रश्मी. स्टुलावर गोसीखुर्दच्या जलाशयात मासे धरणारे कवडू.)

डिंपल : नुसते आभार मानून कसं चालेल, काकाजी? उन्हाळाभर तुम्ही डोंगा हलू दिला नाही, म्हणून आमच्या यंत्राचा डबा पाण्यात सरळ उतरला. पेपरात, म्हणजे आमच्या शोधनिबंधात, तुमचं नाव आमच्या नावांसोबतच छापून येणार.

कवडू : येऊ द्या ना मंग. मी कुठं नाही म्हनून राहिलो? मी तं गावाचं म्हनून राहिलो.

डिंपल : तेच तर. नावाखाली पत्ता लागतो. 'आदर्श वसाहत' लिहू ना?

कवडू : नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा! धरणासाठी उठवलं आमाले, अन् वसाहतीत नळाले पानी नाही. खैरटोला लिहा.

डिंपल : खैरटोला पाण्याखाली गेलं, काकाजी. नकाशात नाही. तपासणाऱ्यानं अडवलं तर?

कवडू : तपासनारा कोन आहे असा?

डिंपल : आपल्यासारखेच लोक. कोणी नेपाळचा मास्तर, कोणी केनियातली बाई. मोठी यंत्रं ज्यांना परवडत नाहीत, ते आपापल्या गावात प्रयोग करतात अन् एकमेकांचे तपासतात. त्या मंडळीत आपला हा पहिलाच पेपर. परत आला तर पोरं पुन्हा या वाटेला जायची नाहीत, याचीच मला भीती.

कवडू : मंग माझं नावच काढा. पोरायच्या कामात खोडा नाही घालत मी.

डिंपल : रुसलात?

कवडू : रुसलो नाही जी. आधारवर वसाहत, रेशनकार्डावर वसाहत. खैरटोला म्हन्लं का नातीन हासते. म्हन्ते, आबाजी, असं गावच नाही. मले वाटलं, तुमच्या कागदावर तरी राहील.

रश्मी : मॅडम, बोलू का? काकाजी, डबा नेमका कुठं सोडत होतो आपण?

कवडू : आमच्या गावच्या तलावावर. जुना तलाव खाली, त्याच्यावर हे धरणाचं पानी. खोल तिथंच लागते.

रश्मी : म्हणजे आकाशातून येणारे कण पाण्याखाली किती पोचतात, हे आपण खैरटोल्यातच मोजलं. तुम्हीच सांगता ना मॅडम, जिथं मोजलं तिथलंच लिहायचं. मग भ्यायचं काहून?

डिंपल : ...लिही. कवडू, खैरटोला, तालुका पवनी. प्रयोगाची जागाही खैरटोलाच. विचारलं कोणी तर मी उत्तर देईन.

कवडू : अन् परत आला तं?

रश्मी : तर पुन्हा पाठवू. आम्ही कुठं पळून चाललो?

कवडू : बरं वाटलं, पोरी. लय बरं वाटलं. मॅडम, एक सांगून ठेवतो.

डिंपल : बोला ना.

कवडू : त्या नेपाळच्या मास्तरले वाटलं, कवडूचं गाव पाहून यावं, तं येऊ देजा. डोंग्यात बसवून गल्लीगल्लीनं फिरवतो.