इटलीचा रामराम

नातीच्या आरमोरीच्या स्थळाचं काय झालं, असं विचारता ना? मग ऐका.

पोरगा इटलीत नोकरी करून आलेला. आईबापासोबत मुलगी पाहायला आला. मी "जय भीम" म्हटलं, तर हा हात हलवून म्हणतो, "चाओ, आबाजी!"

"हे काय आहे?" मी विचारलं.

"तिकडं भेटले का असंच म्हणतात."

त्याची माय म्हणाली, "तो शब्द कुठून आला ते सांग ना आबाजीले. त्याले सगळं मालूम आहे."

पोरगा सरसावून बसला. "जुन्या काळी व्हेनिसमध्ये लोक म्हणत, मी तुमचा गुलाम. ते बोलता बोलता झिजलं अन् चाओ झालं."

माझा बाप पाटलाच्या दारात वाकून 'जोहार मायबाप' म्हणायचा. धम्म घेतला तेव्हा त्याने ते बंद केलं आणि त्यासाठी मार खाल्ला.

मी म्हटलं, "माह्या बापानं मार खाऊन जे सोडलं, ते तू विमानाचं तिकीट काढून शिकून आला?"

पोराचा बाप गडबडला. "भाऊ, आता तो अर्थ कोणी धरत नाई."

"मग तुमचा पोरगा इतक्या हौसेनं काऊन सांगून राह्यला?"

स्थळ गेलं, असंच मला वाटलं. तेवढ्यात चहा घेऊन आलेली नात म्हणाली, "आबाजी, नाई नका म्हणू. लग्नाआधीच स्वतःले गुलाम म्हणणारा नवरा मले कुठी भेटन?"

मी तिथल्या तिथे होकार दिला. पोराची माय मात्र अजून विचार करून राह्यली आहे.