पोटावरची खूण

माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या कारखान्याचे मालक. त्यांच्या शेजारी बसलेले मॅनेजरसाहेब. हॉस्पिटलमधून खास वेळ काढून आलेल्या सिस्टर. शिलाई, इस्त्री आणि पॅकिंगमधल्या माझ्या सगळ्या ताया आणि दादा. मागे दाराजवळची खुर्ची पकडून बसलेले माझे काका, मावशीचे यजमान. आणि जिच्यासाठी आज खोकी बाजूला सारून या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्यात ती कटिंगची मास्टरबाई, माझी सख्खी मावशी. सर्वांना माझा नमस्कार.

मला भाषणाचा सराव नाही. आमच्या घरात मी पहिली पदवीधर, त्यामुळे बँकेत जायचं असो की डॉक्टरांकडे, सगळे म्हणतात, "तू शिकलेली, तूच चल." पदवी माझी इतिहासाची. इतिहासात राजे आहेत, लढाया आहेत, मूत्राशय कुठेच नाही. तरी ऑपरेशनच्या डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत मीच बसले. तो शब्द इथे मोठ्याने उच्चारला म्हणून पुढच्या रांगेत दोघांनी माना खाली घातल्या. माफ करा. आज तो अजून बऱ्याचदा येणार आहे.

माझ्याआधीच्या वक्त्यांनी मावशीचं भरभरून कौतुक केलं. तिच्या हातात सफाई होती, तिच्यामुळे कापड कधी वाया गेलं नाही, ती सगळ्यांना सांभाळून घ्यायची. सगळ्यांच्या तोंडी 'होती' आणि 'गेलं', ऐकता ऐकता मला घाम फुटला. बाई समोर बसली आहे, आणि आपण कोणाबद्दल बोलतोय?

तो लाल कापडाचा लॉट तुमच्यापैकी कोणी विसरलं नसेल. रंग सुटायचा त्याचा. हात लाल, रुमाल लाल, नाक शिंकरलं तरी लाल. त्याच दिवसांत मावशीला लघवीत लाल दिसलं. तिने कोणाला सांगितलं नाही. सांगायचं काय? लाल कापड कापतोय तर लालच दिसणार. दुखत तर काहीच नव्हतं. मग लॉट संपला, टेबलावर पांढरं कापड आलं, हात धुऊन निघाले. ते लाल मात्र थांबलं नाही.

गल्लीतल्या दवाखान्यात जळजळीच्या गोळ्या मिळाल्या. थांबलं. पुन्हा आलं. पुन्हा गोळ्या. "बायकांना होतंच असं," हे तिला किती जणांनी सांगितलं असेल! शेवटी आत दुर्बीण घातली, तेव्हा कॅन्सरची गाठ मूत्राशयाच्या स्नायूत उतरलेली होती. मग केमोची इंजेक्शनं झाली. ती आज डोक्याला रुमाल का बांधून बसली आहे, ते त्यामुळे.

इथे जरा विषय सोडून बोलते. मागच्या आठवड्यात इस्त्रीच्या टेबलापाशी एका ताईंनी मला बाजूला घेऊन हळूच काहीतरी विचारलं होतं. ताई, तुम्ही हॉलमध्ये आहात, मला दिसताय. सिस्टरही इथेच आहेत. कृपा करून कापडाला दोष देऊ नका. आजच बोला.

तर डॉक्टर म्हणाले, मूत्राशय काढावंच लागेल, आणि त्याच्याबरोबर गर्भाशय आणि आजूबाजूचंही काही. आणि आता थांबता येणार नाही. मग त्यांनी कागदावर पेनाने दोन किडन्या काढल्या आणि म्हणाले, "या लघवी तयार करतच राहणार. तिला दुसरी वाट करून द्यायची. ती कोणती, हे तुम्ही ठरवायचं."

आतड्याचा छोटा तुकडा घेऊन त्याचं तोंड पोटावर आणायचं आणि वर पिशवी चिकटवायची, ही सगळ्यांत साधी वाट. दुसरीत आतड्याचंच नवीन मूत्राशय शिवून जुन्याच जागी बसवतात. बाहेर काही दिसत नाही, पण सुरुवातीला गजर लावून उठायचं, कपडे ओले होऊ शकतात, आणि काही बायकांना उलट रिकामंच होत नाही, मग रोज स्वतःच्या हाताने नळी घालावी लागते. तिसरीत पोटाच्या आत साठवायची पिशवी आणि वर बारीक भोक, तिथून नळीने काढायचं. मावशीच्या किडन्या जेमतेम चालतात. डॉक्टर म्हणाले, तिन्ही करता येतील, पण किडन्यांचा विचार केला तर पहिली वाट जास्त सुरक्षित. आणि शेवटी म्हणाले, "आत उघडल्यावर काय दिसेल, त्याची हमी मी देत नाही."

मावशीने तोंड उघडायच्या आत काका बोलले, "दुसरं करा. बाहेर काही दिसायला नको."

काका, मी हे तुमचा अपमान करायला सांगत नाही. तुम्ही आयुष्यभर लोकांची कुलपं दुरुस्त केलीत. जे आत आहे ते आतच राहावं असं तुम्हाला वाटतं, ते मला कळतं. पण त्या रात्री घरी जेवताना काय झालं, ते मी तिथेच बसून ऐकलंय.

"पोटाला पिशवी लावून घरात फिरणार तू? शेजारच्यांनी विचारलं तर काय सांगू?"

"सांगा, बायकोने नवीन खिसा शिवून घेतलाय."

"थट्टा सुचतेय तुला!"

"मग काय, रडू? रडायला तुम्ही आहात की."

मी हसले. काका ताटावरून उठले. मावशी हसली नाही. तिने त्यांचं ताट झाकून ठेवलं.

सिस्टरने हेच ऑपरेशन झालेल्या दोन बायकांशी आमची गाठ घालून दिली. एक गाणं शिकवतात. त्यांनी नवीन मूत्राशय घेतलंय आणि त्या खूश आहेत. म्हणाल्या, "मी स्टेजवर बसते, मला हेच हवं होतं. फार हसले तर थोडी पंचाईत होते, म्हणून विनोदी माणसांपासून लांब राहते." दुसऱ्या बस चालवतात. त्यांनी पिशवी घेतली. "डेपो येईपर्यंत काळजी नाही," म्हणाल्या, "आता बाकीचे ड्रायव्हर माझ्यावर जळतात." दोघींचं बरोबर होतं. कारण दोघींनी आपापलं ठरवलं होतं.

पण मावशीने ठरवण्याआधीच दुसऱ्यांनी एक गोष्ट ठरवून टाकली होती. मॅनेजरसाहेब, राग मानू नका. तुम्ही चांगल्या मनाने आजच्या निरोपाची तारीख बोर्डावर लावलीत. तिच्या टेबलावर नवीन मास्टर उभा केलात. ऐनवेळी पिशवी लावावी लागली तर, म्हणून तिची जागा सगळ्यांनाच आधी आखून ठेवतात. त्यासाठी सिस्टरने पोटावर खूण करायला बोलावलं, तेव्हा काय झालं? सिस्टर तिला म्हणाल्या, "उभ्या राहा, बसा, वाका. कामात पोट कुठे टेकतं ते दाखवा." मावशी म्हणाली, "आता कुठलं काम? करा कुठेही." सिस्टरने दोनदा विचारलं. तिने दोनदा तेच सांगितलं. मग नेहमीच्या जागी, उजव्या बाजूला, निळ्या शाईने गोल खूण झाली. वर पारदर्शक पट्टीही लावली होती. मावशीला तिची खाज सुटली, घरी येऊन तिने ती काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी ती इथे आली, फक्त नवीन मास्टरला टेबल दाखवायला. त्याने कापडाचे थर वाकडे लावले होते. तिच्याने बघवलं नाही. "सरक," म्हणाली, आणि सवयीने पोटाची उजवी बाजू टेबलाच्या कडेला टेकवून कापडावर वाकली. सरळ झाली तेव्हा पांढऱ्या कापडावर निळा गोल उमटला होता. घामाने शाई कपड्यातून आरपार आली होती.

मशीन थांबल्या. तुम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. मावशी त्या गोलाकडे बघत राहिली. ऑपरेशनमध्ये डॉक्टर जिथे भोक पाडणार, तिथेच टेबलाची कड होती. मग तिने कैची घेतली, तेवढा तुकडा कापून काढला आणि खिशात घातला. घरी आल्यावर मला म्हणाली, "मला काम सोडायचं नाहीये. मला कोणी विचारलंच नाही गं."

काल ती आणि मी सिस्टरकडे जाऊन आलो. डॉक्टरही भेटले. जुनी खूण पुसली. मावशी टेबलाशी उभी राहते तशी उभी राहिली, वाकली, बसली, आणि नवीन खूण डाव्या बाजूला झाली.

म्हणजे तिने काय ठरवलं, हे तुम्हाला कळलंच असेल. तरी मी स्पष्ट सांगते, कारण तिने मला तेवढ्यासाठीच इथे उभं केलंय. घरी तिचं हे वाक्य कोणी पुरं होऊ देत नाही, इथे माइक आहे. माझ्या मावशीने पोटावरची पिशवी निवडली आहे. जगली-वाचली तर ती परत याच टेबलाशी येणार आहे. नाही जगली तरी निवड तिचीच राहील, असं ती म्हणाली.

काका, उठू नका. माझं संपत आलंय.

काका, उद्या सकाळी दाखल व्हायचंय. तुम्ही म्हणाला होतात, पिशवी घेणार असेल तर मी येणार नाही. मी तिला म्हटलं, रागात बोलले असतील. तुम्ही तिच्याकडे बघा तरी एकदा...

मागच्या ताई, ते दार जरा ओढून घ्या. वाऱ्याने आपटतंय.

नाही, मावशी, मी रडत नाहीये. हो, बोलते पुढे.

अध्यक्ष महोदय, एकच विनंती. त्या टेबलाचं काय, याचं उत्तर मला नको. तिला द्या, आणि आज ती या दारातून बाहेर पडायच्या आत द्या.

आपण सर्वांनी वेळ काढून इतकं ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. सिस्टर, तुमचे विशेष. बोलण्याच्या ओघात कोणाचं मन दुखावलं असेल, मोठ्यांपुढे जीभ सैल सुटली असेल, तर लेक समजून पदरात घ्या. बाहेर चहा-नाश्त्याची सोय आहे, सगळ्यांनी घेऊन जा. आम्ही दोघी थांबत नाही. तिला आजपासून पाण्याखेरीज काही द्यायचं नाहीये, आणि सकाळी तिच्याबरोबर मी जाणार आहे.